रांगोळी नसलेले घर

२०२१ सालच्या जूनमधल्या एका रविवारी शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा आमच्या दारात उभे राहिले. त्यांच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला बनाना ब्रेड होता आणि घंटी वाजवून ते दोन पावले मागे सरकले होते, दुःखाच्या घरी गेल्यावर माणसे सरकतात तसे. "घरी सगळे बरे आहे ना?" असे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता सांगून टाकले की औषध आणायचे असेल, दवाखान्यात सोडायचे असेल, तर संकोच करू नका. मला काही उलगडेना. मग लक्षात आले की त्यांची नजर पुन्हा पुन्हा आमच्या लॉनकडे जाते आहे. अर्ध्या लॉनवर मी आदल्या शरद ऋतूत पुठ्ठे अंथरून वर लाकडाचा चुरा पसरला होता आणि पावसाने त्या पुठ्ठ्यांच्या कडा उघड्या पडल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या भागातले गवत मी मे महिनाभर हट्टाने कापले नव्हते आणि ते आता गुडघ्याला लागत होते. मिनेसोटातल्या आमच्या गल्लीत ज्या घराचे गवत महिनाभर कापले जात नाही, त्या घरात कोणी तरी आजारी असते, किंवा नवराबायको वेगळे होत असतात, किंवा घर बँकेने ताब्यात घेतलेले असते.

मी त्यांना सांगितले की सगळे धडधाकट आहेत आणि हे मी मधमाश्यांसाठी केले आहे. ते समाधानाने हसले, ब्रेड देऊन गेले, आणि त्यांचा त्यावर विश्वास बसलेला नाही हे मला दिसले.

त्या रात्री मला वाईजवळच्या आमच्या आजोळच्या गल्लीची आठवण झाली. तिथे पहाटे सडा पडला नाही आणि उंबऱ्यापुढे रांगोळी उमटली नाही, तर समोरच्या घरातली बाई दूध तापवता तापवता ते टिपत असे. सुतक असेल, नाही तर बाई अंथरुणाला खिळली असेल, असे समजून दहा वाजेपर्यंत कोणी तरी डोकावून जाई. रांगोळी सुंदर आहे की वेडीवाकडी याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते, पण ती नसणे ही बातमी होती. इथे तीच भाषा गवत कापायच्या यंत्राने बोलली जाते, हे मला इतकी वर्षे या देशात राहून कळले नव्हते. ते आजोबा तक्रार करायला आले नव्हते, विचारपूस करायला आले होते, आणि मी मात्र त्यांच्यासाठी नियमावलीतली उत्तरे तयार ठेवली होती.

पुढे मी सेंट पॉलच्या पूर्वेकडच्या उपनगरांत लोकांना त्यांचे लॉन काढून तिथे स्थानिक फुलझाडे लावायला मदत करू लागले. हे काम स्वयंसेवकाचे आहे. मिनेसोटा राज्याची 'लॉन्स टू लेग्यूम्स' नावाची योजना आहे. २०१९ साली विधिमंडळाने तिला पैसे दिले आणि राज्याचे जल व मृदासंधारण मंडळ ती चालवते. घरमालकाने अर्ज करायचा, निवड झाली तर ठरलेल्या प्रकारची लागवड करायची आणि खर्चाचा मोठा भाग, सुरुवातीच्या वर्षांत ३५० डॉलरपर्यंत, नंतर परत मिळतो. आपला वाटा म्हणून स्वतःच्या श्रमाचे तासही धरले जातात, ही तिच्यातली मला सर्वांत शहाणी वाटलेली तरतूद. या सगळ्यामागे 'रस्टी पॅच्ड बंबलबी' आहे, पाठीवर गंजाच्या रंगाचा डाग असलेली गुबगुबीत जंगली माशी. २०१७ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या संघराज्याच्या यादीत झाली. मुख्य भूमीवरच्या अमेरिकेतली त्या यादीत गेलेली ही पहिलीच मधमाशी. २०१९ मध्ये मिनेसोटाने तिला राज्यमाशीचा मान दिला, कारण ती जिथे अजून सापडते अशा थोड्या जागांत आमची जुळी शहरे, मिनिआपोलिस आणि सेंट पॉल, आणि त्यांची उपनगरे आहेत. जंगलात नाही, लोकांच्या परसात.

तिचे आयुष्य समजले की लॉनमध्ये नेमके काय कमी आहे ते समजते. शरद ऋतूत सगळे पोळे मरते. फक्त नव्या राण्या उरतात आणि त्या एकेकट्या जमिनीत, पालापाचोळ्याखाली हिवाळा काढतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की राणी उपाशीपोटी बाहेर येते आणि उंदराच्या एखाद्या सोडलेल्या बिळात संसार मांडते. तिथपासून ऑक्टोबरपर्यंत तिला आणि तिच्या लेकींना अखंड फुले लागतात, एक महिना खंड पडला तरी घर मोडते. म्हणून या कामात आम्ही पहिला आग्रह धरतो तो वसंत, उन्हाळा आणि शरद या तिन्ही काळांत फुलणाऱ्या किमान तीन तीन जाती असाव्यात याचा. केंटकी ब्लूग्रास या नावाच्या, पण मूळच्या युरोपातल्या गवताचा गालिचा तिला एप्रिलमध्ये काही देत नाही आणि ऑगस्टमध्येही देत नाही. असा गालिचा अमेरिकेत किती आहे याचा उपग्रहचित्रांवर आधारलेला एक अंदाज २००५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार तो सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर भरतो, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून थोडा जास्तच. उलट मिनेसोटातली मूळची प्रेअरी, म्हणजे फुलझाडांनी भरलेले गवताळ माळरान, जी एके काळी १ कोटी ८० लाख एकर होती, ती दोन टक्केही उरलेली नाही.

आता त्या मे महिन्यातल्या माझ्या हट्टाबद्दल. मे महिन्यात गवत कापू नका, ही मोहीम इंग्लंडमधून आली आणि २०२० मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन शहराने ती अमेरिकेत पहिल्यांदा उचलली. तिथल्या न कापलेल्या लॉनवर कितीतरी जास्त मधमाश्या दिसल्या असे सांगणारा एक शोधनिबंधही आला आणि सगळीकडे फिरला, पण पुढे २०२२ मध्ये त्यातल्या नोंदींत विसंगती आढळल्यामुळे तो मागे घेण्यात आला. निबंध मागे घेतला म्हणून कल्पना खोटी ठरत नाही हे खरे, पण माझा स्वतःचा अनुभव असा की ज्या लॉनमध्ये फुलणारे काही नाही, ते महिनाभर वाढवले तर मिळते ते फक्त उंच गवत. डँडेलियन फुलतात, आणि तेही युरोपातलेच. मी त्या मे महिन्यात काही केले नव्हते, फक्त करायचे ते थांबवले होते, आणि शेजाऱ्यांना दिसले ते थांबवणेच.

लोकांच्या घरी गेल्यावर मी आधी घराभोवती एक फेरी मारते. ऊन कुठे किती तास पडते, छपराचे पाणी कुठे उतरते, माती वाळूची आहे की चिकण, हे पाहते आणि खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून घ्यायला सांगते. या गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात असतात. त्यानंतर मी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहते आणि घरमालकालाही बोलावते. "समोरच्या घरातून तुमचे घर कसे दिसते ते आधी पाहू या," असे म्हटले की लोक गोंधळतात, कारण स्वतःचे घर त्या जागेवरून त्यांनी कधी पाहिलेले नसते.

जोन नासाउअर या भूदृश्यरचनेच्या (लँडस्केप आर्किटेक्चरच्या) प्राध्यापिकेने १९९५ साली मांडलेला एक विचार या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. निसर्गाला हितकारक असलेली जागा अस्ताव्यस्त दिसते आणि लोकांना ती दुर्लक्षित वाटते, म्हणून तिच्याभोवती देखभालीच्या खुणा ठेवाव्यात, म्हणजे कापलेली कड, कुंपण, पाटी, वाट, असे त्यांचे म्हणणे. मी तो विचार वाचला तेव्हा मला तो आधीपासून माहीत असल्यासारखे वाटले. आमच्या आजोळच्या घरापुढे अंगण होते आणि मागे परस. अंगण शेणाने सारवलेले, त्यात गवताची काडी उगवलेली चालत नसे. परसात मात्र अळू, कर्दळ, गवती चहा, शेवगा, केळीचा लोंगर, कारल्याचा वेल आणि न्हाणीच्या पाण्यावर आपोआप वाढलेली दहा नावे नसलेली झाडे एकमेकांच्या अंगावर पडलेली असत, आणि त्या पसाऱ्याला कोणी गबाळेपणा म्हणत नसे, कारण पुढचे अंगण साक्षीला होते. अमेरिकन घराने पुढचे अंगण भलतेच मोठे केले आणि परस ठेवलाच नाही, मागेही पुन्हा अंगणच. आमचे काम एवढेच असते की अंगण दोन फुटांचे करायचे आणि आतला परस परत आणायचा. मी अमेरिकन घरमालकांना हे अशा शब्दांत सांगत नाही, पण हातात फूटपट्टी घेऊन रस्त्याकडेची दोन फूट रुंदीची पट्टी आधी आखते आणि बजावते की बाकी काही जमले नाही तरी चालेल, ही पट्टी दर आठवड्याला कापायची. समोर गुडघ्याखालची झाडे, उंच झाडे भिंतीलगत.

मराठी घरी मात्र मी तेच शब्द वापरते. एका नव्या वसाहतीत राहणारे तरुण जोडपे होते. घरमालकांची संघटना तिथे कडक होती. आम्ही मराठी माणसे आपसांत तिला सरळ सोसायटी म्हणतो आणि तेच बरोबर आहे, कारण स्वभाव तोच. मिनेसोटात २०२३ पासून शहरांना निगा राखलेल्या नैसर्गिक बागांना परवानगी द्यावीच लागते, आणि झाडे आठ इंचांहून उंच झाली म्हणून नोटीस काढता येत नाही. पण त्या कायद्याचा रोख शहरांच्या नियमांवर आहे, सोसायटीचा करारनामा हे वेगळे प्रकरण. त्या मुलीला फुले हवी होती. तिचा नवरा बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "ताई, खरे सांगू का, गल्लीत आम्हीच एक भारतीय आहोत. बाकी कोणी गवत वाढवले तर लोक म्हणतील हौस आहे. आम्ही वाढवले तर म्हणतील यांना घर ठेवता येत नाही." त्याच्या या बोलण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. प्रेअरीची मुळे दहा दहा फूट खोल जातात आणि ब्लूग्रासची काही इंच, ही माहिती त्या वाक्यापुढे अगदी कुचकामी होती. आम्ही मग पुढचे लॉन तसेच ठेवले, फक्त त्यातले ब्लूग्रास काढून बारीक पात्याचे फेस्क्यू गवत, पांढरा क्लोव्हर, सेल्फ-हील आणि जमिनीवर पसरणारा थाइम पेरला. मिनेसोटा विद्यापीठात अभ्यासलेले हे मिश्रण आहे. ते कापता येते, लॉनसारखेच दिसते आणि फुलते. क्लोव्हर स्थानिक नाही म्हणून आमच्यातले कट्टर लोक नाक मुरडतात. मुरडू द्यावे. मागच्या बाजूला मात्र त्यांनी सगळा परस केला, आणि तिसऱ्या वर्षी त्यानेच एक वाफा पुढे आणला, मला न विचारता.

कट्टरपणा मीही करून पाहिला आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. एका निवृत्त शिक्षिकेला फार घाई होती आणि मलाही. तिचे गवत पूर्ण मेलेले नसताना आम्ही एप्रिलमध्ये यंत्राने जमीन उकरली आणि बी पेरले. उकरल्यामुळे मातीत वर्षानुवर्षे निजलेले तणांचे बी वर आले, ब्लूग्रासच्या तुटलेल्या मुळांनी जागोजाग पुन्हा जीव धरला, आणि जुलैपर्यंत तिच्या दारात कमरेइतके काटेरी थिसल उभे होते. प्रेअरीच्या अनेक बियांना उगवण्याआधी ओला गारठा लागतो. नोव्हेंबरात, जमीन गोठण्याच्या सुमारास पेरून त्यांना एक हिवाळा बर्फाखाली काढू द्यावा लागतो, हे मला ठाऊक होते आणि तरीही मी तिच्या उत्साहापुढे बोलले नाही. नगरपालिकेची नोटीस आली ती तिच्या नावाने आली. पुढच्या वर्षी आम्ही सगळे झाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून लागवडीपेक्षा आधीचे गवत मारण्याबद्दल मी जास्त बोलते. पुठ्ठे चिकटपट्टी काढून एकमेकांवर वीतभर चढवायचे, वर चार बोटे चुरा टाकायचा आणि शरदापासून पुढच्या मेअखेरपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बी पेरले असेल तर पहिल्या वर्षी तणे वर येऊ नयेत म्हणून सगळे सहा इंचांवर कापत राहायचे. लॉन नको म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी लॉनपेक्षा जास्त वेळा यंत्र फिरवावे लागते, हे ऐकून लोकांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. इथले बागकाम करणारे म्हणतात की अशी बाग पहिल्या वर्षी झोपते, दुसऱ्या वर्षी रांगते आणि तिसऱ्या वर्षी धावते. रोपे विकत घेतली तर थोडे लवकर होते, पण रोपवाटिकेत त्यांवर निओनिकोटिनॉइड वर्गातले कीटकनाशक वापरलेले नाही ना, हे विचारून घ्यावे लागते. नाही तर आपण माशीला आमंत्रण देऊन विषाचे ताट वाढतो.

लोक विचारतात, डंख? फुलावर बसलेली बंबलबी सहसा कोणाला त्रास देत नाही आणि जमिनीत घर करणाऱ्या बहुतेक जंगली माश्या एकट्या राहतात, राखायला त्यांच्याजवळ पोळे नसते. तरीही ज्या घरात मुलाला डंखाची ॲलर्जी होती, तिथे मी वाफे दारापासून आणि झोपाळ्यापासून दूर नेले. तिथे शास्त्र सांगत बसले नाही.

झाडांबद्दल मी आतापर्यंत फारसे लिहिले नाही, आणि खरे तर या कामातला माझा स्वार्थ तिथे आहे. वाइल्ड बर्गमॉटचे पान चुरगळले तर हुबेहूब ओव्याचा वास येतो. थायमॉल आणि त्याच्या भावंडासारखे तेल दोन्हींत असते, असे वाचल्यावर कारण कळले, पण पहिल्यांदा ते पान नाकाशी धरले तेव्हा मी मिनेसोटातल्या एका अनोळखी बाईच्या दारात उभी राहून क्षणभर आजीच्या फडताळाशी गेले होते. ॲनिस हिसॉपला बडीशेपेचा वास. आणि ऑगस्टमध्ये प्रेअरी ड्रॉपसीड नावाचे एक नाजूक गवत फुलते, त्याच्या तुऱ्यांना, ऊन तापल्यावर, भाजलेल्या धन्यांसारखा वास सुटतो. काहींना त्यात लोण्यातले पॉपकॉर्न आठवतात. ज्याचे त्याचे स्वयंपाकघर. मिल्कवीड तर आपल्या रुईच्याच कुळातले. तोच पांढरा चीक, आणि तशाच शेंगा, ज्या उकलल्या की रेशमी म्हाताऱ्या उडत सुटतात. शनिवारी मारुतीला घालायच्या रुईच्या माळेसाठी पाने खुडताना पानामागे काळे-पिवळे पट्टे असलेली अळी सापडायची. तिच्यापासून होणारे नारिंगी फुलपाखरू आणि इथल्या मिल्कवीडवरचे मोनार्क ही एकाच प्रजातिगणातली भावंडे आहेत. फरक एवढाच की मोनार्कची शेवटची पिढी सप्टेंबरात इथून निघते आणि सुमारे तीन हजार किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांतल्या फरच्या जंगलात हिवाळा काढायला जाते.

पुढच्या जूनमध्ये मी शेजारच्या आजोबांना हाक मारून बर्गमॉटचे पान हुंगायला दिले. त्यांनी ते पिझ्झ्यावरच्या ओरेगानोसारखे असल्याचा निर्वाळा दिला आणि पान खिशात घातले. कड त्यांच्याच बाजूने सुरू होत असल्याने ती सरळ येते आहे की नाही याबद्दल ते मला अधूनमधून सूचना करू लागले. माझी कड त्यांना कधी पसंत पडली नाही. त्यांच्या लॉनमध्ये आजही एक फूल नाही, आणि मी त्यांना त्याबद्दल कधी काही बोललेली नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पुण्याहून भावाचा फोन आला आणि आम्ही दोघे दुसऱ्याच दिवशी निघालो. कोणाला सांगायचे सुचलेही नाही. आईचे सगळे दिवस करून आम्ही परतलो तेव्हा सप्टेंबर निम्मा सरला होता. विमानतळावरून येताना मी मनाशी हिशेब केला होता की तीन आठवड्यांत कडेचे गवत पोटरीपर्यंत आले असेल आणि घर कसे दिसत असेल. टॅक्सी गल्लीत वळली तेव्हा संध्याकाळचे ऊन होते. रस्त्याकडेची दोन फुटांची पट्टी नुकतीच कापलेली होती, दोरी लावल्यासारखी सरळ. आत गोल्डनरॉड आणि जांभळे ॲस्टर माणसाच्या छातीइतके उभे होते आणि त्यातल्या एकाही काडीला कोणी हात लावला नव्हता. फक्त कोपऱ्यावर, जिथे फुलांच्या भाराने ॲस्टरची एक फांदी पट्टीवर ओणवली होती, तिथे यंत्र तिला वळसा घालून गेले होते आणि त्या वळशात वीतभर उंचीचे गवत तसेच राहिले होते.